बाटलीवर नाव नसलेला सुगंधकार

पुरुषांसाठीचे एखादे नामांकित सुगंधद्रव्य विकत घ्यायला गेले की बाटलीवर एक भारदस्त नाव दिसते. ते बहुधा पोशाखांच्या किंवा चामड्याच्या वस्तूंच्या एखाद्या जुन्या पेढीचे असते. दियोर, रोशास, एर्मेस ही त्यांतलीच नावे. आतील सुगंध ज्याने रचला, त्याचा उल्लेख मात्र बाटलीवर नसतो. एदमों रुदनित्स्का यांनी या तिन्ही पेढ्यांसाठी सुगंध रचले, आणि या प्रथेला आयुष्यभर हरकत घेतली. कवितेवर कवीचे आणि चित्रावर चित्रकाराचे नाव असते, मग सुगंधावर त्याच्या कर्त्याचे का नसावे, हा त्यांचा प्रश्न होता.

रुदनित्स्का यांचा जन्म १९०५ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे झाला. तेथून जवळच डोंगरउतारावर ग्रास हे गाव आहे. कातडी कमावण्यासाठी ते एके काळी प्रसिद्ध होते. कातडी हातमोज्यांची दुर्गंधी झाकण्यासाठी ते सुगंधित केले जात. कालांतराने हातमोजे मागे पडले आणि सुगंधाचा धंदा राहिला. गुलाब आणि जाईच्या शेतांनी वेढलेल्या या गावात रुदनित्स्का १९२६ साली उमेदवारीला लागले. पुढे ते ‘द लेर’ या संस्थेत गेले. प्रयोगशाळेत तयार झालेले गंधद्रव्य आणि त्यांची तयार मिश्रणे इतर सुगंधकारांना पुरवणे हा या संस्थेचा व्यवसाय होता. फुलांचे अर्क आणि रसायने या दोन्हींची भाषा रुदनित्स्का यांना अवगत झाली, ती अशा प्रत्यक्ष कामातून.

त्यांना खरी कीर्ती मिळाली ती युद्धकाळात. पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते आणि कच्च्या मालाची चणचण होती. अशा दिवसांत १९४३ साली त्यांनी ‘फाम’ हा सुगंध रचला. पिकलेल्या फळांची आठवण करून देणारा तो दाट, उबदार गंध मार्सेल रोशास यांनी स्वीकारला आणि १९४४ मध्ये बाजारात आणला. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, रुदनित्स्का यांनी पत्नी तेरेझ यांच्यासह ‘आर ए पार्फम’ ही स्वतःची संस्था काढली. पुढे ग्रासच्या वरच्या अंगाला असलेल्या काब्री या खेड्यात त्यांनी घर, प्रयोगशाळा आणि बाग उभी केली. कोणत्याही पेढीची नोकरी न करता, आपल्या अटींवर आणि आपल्या गतीने काम करणारा सुगंधकार त्या काळी विरळाच होता.

त्यांनी स्वतःच्या कामाचीही कठोर तपासणी केली. आपल्या व्यवसायात मिठाई आणि फळफळावळ यांचा गोडवा फार झाला आहे, असे त्यांना वाटू लागले. ‘फाम’च्या यशानंतर तोच मार्ग पुन्हा चोखाळणे सोपे होते. त्यांनी ते टाळले आणि कमीत कमी घटकांत स्वच्छ रचना साधण्याचा ध्यास घेतला. १९५६ साली ख्रिस्तियाँ दियोर यांच्यासाठी रचलेला ‘दियोरिसिमो’ हे त्याचे फळ. लिली ऑफ द व्हॅली हे दियोर यांचे आवडते फूल. घंटेच्या आकाराच्या या चिमुकल्या पांढऱ्या फुलांतून व्यवहारात वापरता येईल असा अर्क निघत नाही. रुदनित्स्का यांनी ती झुडपे आपल्या बागेत लावली, फुललेल्या फुलांजवळ बसून त्यांचा गंध अभ्यासला आणि इतर द्रव्यांच्या मेळातून तो नव्याने घडवला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, दियोर यांचे इटलीत निधन झाले.

पुरुषांच्या सुगंधाची दिशा बदलणारी ‘ओ सोवाज’ ही रचना आली ती त्यानंतर नऊ वर्षांनी, १९६६ मध्ये. बाटलीवर दियोर यांचे नाव असले, तरी स्वतः दियोर यांनी हा गंध कधीच घेतला नव्हता. त्यातले अनेक घटक मराठी घराला अनोळखी नाहीत. लिंबू आहे, बर्गामोट हे त्याच्याच कुळातील फळ आहे. तुळशीच्या कुळातील बेझिल आणि रोझमेरी आहे. तळाशी वाळा आहे, तोच वाळा जो उन्हाळ्यात आपल्या माठात पडतो. ओक वृक्षावर वाढणारे शैवाकही आहे, जे आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाचे नातलग म्हणता येईल.

नवे होते ते ‘हेडिओन’. जिनिव्हाच्या फिर्मेनिक या संस्थेत जाईच्या गंधाच्या अभ्यासातून हे द्रव्य पुढे आले होते. त्याचा स्वतःचा गंध इतका सौम्य की पहिल्या हुंगण्यात तो जाणवतोच असे नाही. रुदनित्स्का यांना त्याचा खरा उपयोग दिसला. थोड्या प्रमाणात मिसळताच ते बाकीच्या घटकांमध्ये मोकळी हवा खेळवते. लिंबाचा ताजेपणा एरवी काही मिनिटांत विरतो. इथे तो विरला तरी त्याची झुळूक मागे राहते. पुरुषांच्या सुगंधात फुलांची छाया अशा रीतीने अलगद आली, आणि तो सुगंध स्त्रियाही आवडीने वापरू लागल्या. आज बाजारात येणाऱ्या असंख्य सुगंधांत हेडिओन असते, अनेकदा ‘ओ सोवाज’मध्ये होते त्यापेक्षा कितीतरी जास्त.

ही रचना समजली की दुकानात सुगंध पारखणेही सोपे जाते. कागदी पट्टीवर फवारा मारल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे नाकाला भिडते ते मुख्यतः मद्यार्क आणि लिंबूवर्गीय तेल. ते लवकर उडून जाणारच. फुले आणि वनस्पतींचा मधला भाग त्यानंतर उलगडतो, आणि वाळा, शैवाक यांसारखे जड घटक काही तासांनी त्वचेवर उरतात. म्हणून पट्टीवर आवड ठरवू नये. मनगटावर थोडा फवारा घ्यावा, आपल्या कामाला लागावे आणि संध्याकाळी निर्णय घ्यावा. कनौजचे पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेले असते, त्यात मद्यार्क नसतो आणि त्याचा गंध संथपणे उलगडतो. कानात अत्तराचा फाया ठेवणाऱ्यांना पाश्चात्त्य सुगंधाची पहिली उसळी म्हणूनच चकवते. आणखी एक खबरदारी घ्यावी. २०१५ साली त्याच पेढीने आणलेला ‘सोवाज’ हा वेगळा सुगंध असून तो फ्रांस्वा दमाशी यांनी रचला आहे. नावातील साम्यामुळे एकाच्या जागी दुसरा घरी येऊ शकतो. शिवाय शैवाकाच्या अर्कातील काही घटकांवर युरोपात निर्बंध आल्यामुळे, आजचा ‘ओ सोवाज’ १९६६ च्या रचनेची हुबेहूब प्रत नाही.

रुदनित्स्का यांनी सुगंधाइतकेच लेखनही गांभीर्याने केले. १९७७ साली सौंदर्यशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ आला आणि १९८० साली सुगंधावरील छोटेखानी पुस्तक. सुगंध आधी मनात रचला जातो, नाक नंतर फक्त पडताळणी करते, आणि म्हणून ती संगीतासारखीच बुद्धीची निर्मिती आहे, ही त्यांची मांडणी होती. तिच्यामागे व्यवहाराचा प्रश्नही होता. सुगंधाचे सूत्र गुपित ठेवता येते. पण कोणी बाटलीतील द्रव्याचे पृथक्करण करून नक्कल केली, तर कर्त्याला कलाकृतीचा हक्क सांगता येईल का? रुदनित्स्का १९९६ साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर निवर्तले, तेव्हा हा प्रश्न अनुत्तरित होता. २००६ च्या जून महिन्यात फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सुगंध ही केवळ कसबाची उपज ठरवून तिला लेखनहक्काचे संरक्षण नाकारले. त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका उलट कौल दिला. ज्या देशात रुदनित्स्का हे मागत राहिले, त्या देशाने ते दिले नाही.

बाटलीवर नाव मात्र त्याआधीच आले होते. रुदनित्स्का यांनी पत्नीसाठी एक सुगंध रचला होता. तो त्यांनी बाजारात आणला नाही, आणि अनेक वर्षे तेरेझ एकट्याच तो वापरत राहिल्या. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी त्याचे सूत्र फ्रेदेरिक माल यांच्या हाती सोपवले. प्रत्येक बाटलीवर सुगंधकाराचे नाव छापायचे, हा माल यांच्या नव्या पेढीचा नेमच होता. २००० साली ‘ल पार्फम द तेरेझ’ दुकानांत आला, आणि त्याच्या बाटलीवर एदमों रुदनित्स्का हे नाव होते.