हसविणारा माणूस : राम गणेश गडकरी

लोधीखेड्याहून नागपूरकडे निघालेला प्रवासी तासाभराच्या आत सावनेरला पोहोचतो. वाटेत राज्याची सीमा लागते, पाट्यांवरची भाषा थोडी बदलते, एवढेच. पूर्वी छोट्या रुळांची गाडी हाच मार्ग आपल्या संथ चालीने तोडीत असे. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि पुढे त्या जागी रुंद रुळांची गाडी आली. आपल्यापैकी शेकडो माणसे बाजारासाठी, दवाखान्यासाठी, सोयरिकीसाठी सावनेरला गेली असतील आणि जात असतील. पण मराठी रंगभूमीचा एक अत्यंत तेजस्वी नाटककार याच गावी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तला, याची आठवण ठेवून सावनेरच्या मातीला नमस्कार करणारे त्यांत किती असतील? त्या वेळी सावनेर आणि लोधीखेडा ही दोन्ही गावे एकाच मध्यप्रांतात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मधून राज्याची रेषा गेली. आता तर आपण पांढुर्णा जिल्ह्याचे झालो आहोत. पण रेषा जमिनीवरून जाते, भाषेवरून जात नाही. म्हणूनच या शताब्दी ग्रंथात राम गणेश गडकरी यांचे चरित्र असणे उचित वाटते. ते परके नाहीत, शेजारघरचे आहेत.

गडकऱ्यांची प्रतिभा, त्यांचे शब्दवैभव, त्यांची नाट्यरचना यांवर विपुल लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या चरित्राकडे एका वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. काही माणसांना जन्मतःच दुसऱ्याला रमविण्याची देणगी लाभलेली असते. ती बैठकीत आली की बैठक उजळते, उठून गेली की दिवा मंदावल्यासारखा होतो. गडकरी या जातीचे होते. ही देणगी माणसाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, हे पाहावयाचे असेल तर गडकऱ्यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण आहे.

त्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. बालपण गुजराती भाषेच्या सहवासात गेले. पुढे ज्याने मराठी शब्दांना हवे तसे नाचविले, त्याच्या कानांवर आरंभी घराबाहेर दुसरीच भाषा पडत होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परभाषेच्या परिसरात वाढलेल्या मुलाला स्वभाषा आयती मिळत नाही, ती कमवावी लागते. आणि कमावलेल्या धनाची गोडी काही निराळीच असते. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांना हे वेगळे सांगावयास नको. शाळेत हिंदी आणि घरी मराठी असा दुहेरी संसार येथेही चालतोच.

लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. कुटुंब महाराष्ट्रात आले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये रामचे शिक्षण झाले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात नाव घातले, परंतु गणिताने घात केला आणि पहिल्याच वर्षी अपयश आले. ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. काही काळ वृत्तपत्रात, काही काळ शाळेत असे करीत हा तरुण अखेर ज्या ठिकाणी स्थिरावला ते ठिकाण म्हणजे किर्लोस्कर नाटक मंडळी. तेथे त्यांचे काम नाटककाराचे नव्हते. मंडळीतील लहान मुलांना शिकविणे हे त्यांचे काम. शंकर बापूजी मुजुमदार यांच्या 'रंगभूमि' मासिकाच्या कामातही त्यांचा हात लागे. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात दिवसभर तालमी, रात्रभर खेळ, मध्येच गावोगावचे मुक्काम. अशा ठिकाणी विनोदी, हजरजबाबी, वाचलेले सारे मुखोद्गत असणारा मास्तर म्हणजे मंडळीचा प्राणच. गडकरी बोलू लागले की पोरे आणि थोर दोघेही कामे विसरत. शब्दावर कोटी करणे हा त्यांना श्वासोच्छ्वासासारखा व्यापार होता.

याच काळात त्यांना गुरू लाभले. नागपुरात जन्मलेले आणि वऱ्हाडात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्या वेळी मराठी विनोदाचे आद्य आचार्य. त्यांचा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या महाराष्ट्राला परिचित झाले होते. 'सुदाम्याचे पोहे' हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. गडकऱ्यांनी कोल्हटकरांना मनोभावे गुरुस्थानी मानले आणि त्याच वळणावर स्वतःचे त्रिकूट उभे केले: बाळकराम, तिंबूनाना आणि भांबूराव. तिंबूनानांच्या ठकीसाठी वर शोधण्याची जी मोहीम या मंडळींनी काढली, तिच्यात मराठी मध्यमवर्गाच्या लग्नव्यवहाराची अशी काही दैना उडाली आहे की शंभर वर्षांनंतरही वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. आज मात्र वाचताना मध्येच मन थबकते. हसू नेमके कोणाचे येत आहे? हुंड्याच्या बाजाराचे, की रूपाने उण्या असलेल्या एका निरपराध मुलीचे? गडकऱ्यांची लेखणी दोन्हीकडे सारख्याच वेगाने धावते. हसविण्याच्या भरात तिला थांबणे ठाऊक नसते. रमविणाऱ्या माणसाचा हा पहिला दोष. समोरचे हसत आहेत तोवर तो पुढे जातच राहतो. त्यांच्या कोट्यांविषयीही हेच म्हणता येईल. एका वाक्यात एक कोटी शोभते, दोन सहन होतात. गडकरी पाच घालतात. वाचकाला ते दमवितात, आणि दमलेला वाचक पुन्हा त्यांच्याकडेच येतो, हा भाग निराळा.

विनोदासाठी त्यांनी बाळकराम हे नाव घेतले आणि कवितेसाठी गोविंदाग्रज. गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. एकाच माणसाची ही दोन नावे एकमेकांची ओळखही न दाखविणारी आहेत. बाळकराम सदैव चारचौघांत असतो, गोविंदाग्रज एकटा असतो. त्याच्या कवितेत विफल प्रेम आहे, स्मशान आहे, मेलेल्या मुलाला निजलेले समजून त्याला कोणाच्या हाती देऊ न इच्छिणारी आई आहे. जो माणूस दिवसा साऱ्या बिऱ्हाडाला हसवीत होता, तो रात्री हे लिहीत होता. हसविणाऱ्याच्या अंतरी दुःख असते, हे विधान आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते लिहिण्याची लाज वाटावी. गडकऱ्यांच्या बाबतीत त्याहून अधिक नेमके काही म्हणता येते. त्यांनी आपले दुःख विनोदात मिसळू दिले नाही. त्यासाठी दुसरे नाव घेतले, दुसरी वही केली. त्यांच्याभोवती जमणाऱ्यांना बाळकराम हवा होता आणि त्यांना तोच मिळाला. संसारसुख मात्र त्यांना लाभले नाही. दोन विवाह झाले, पण घर असे वसले नाही.

नाटककार म्हणून त्यांचा उदय झाला तो 'प्रेमसंन्यास' या नाटकाने. विधवाविवाहाचा गंभीर प्रश्न, आणि त्याच्या शेजारी विसरभोळा गोकुळ व त्याची बायको मथुरा. पुढे किर्लोस्कर मंडळीने १९१६ मध्ये 'पुण्यप्रभाव' रंगभूमीवर आणले. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले होते आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली होती. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर, दीनानाथ मंगेशकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांचे नाटक आता साऱ्यांनाच हवे होते. कालचा मुलांचा मास्तर आज मंडळ्यांच्या भवितव्याचा आधार झाला होता.

आणि येथेच त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू पुढे येते. गडकरी नाटक लिहीत कमी आणि सांगत अधिक. डोक्यात प्रवेश तयार असे, पात्रे बोलू लागलेली असत, मित्रांपुढे ती साभिनय उभी राहत, ऐकणारे थक्क होत; कागद मात्र कोराच राही. बोलक्या माणसाला श्रोत्यांची दाद जागच्या जागी मिळते, म्हणून एकान्तातील बिनदादीचे काम त्याला जड जाते. जे सांगून झाले ते लिहिण्याची निकड उरत नाही. 'वेड्यांचा बाजार' अपुरे राहिले. संभाजीवरील 'राजसंन्यास' अपुरे राहिले. त्याचे जे प्रवेश उपलब्ध आहेत त्यांतील भाषेचा थाट आणि जिवाजीपंत कलमदान्याचा विनोद पाहिला म्हणजे मराठीचे किती नुकसान झाले ते कळते. चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना या दिवसांची कल्पना येईल. ज्यांना ते वाचावयाचे राहिले असेल त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

तरीही आळशी म्हणून त्यांना बोल लावणे न्यायाचे होणार नाही. जेमतेम तेहतीस वर्षांचे आयुष्य, त्यातील शेवटची काही क्षयाने पोखरलेली; आणि तेवढ्यात चार पूर्ण नाटके, दोन अपुरी, एका कवितासंग्रहाइतकी कविता आणि बाळकरामाचे लेख. बैठकीत उधळून उरले ते एवढे. मग बैठकीत किती गेले असेल? पण हा हिशेब उलटही मांडता येतो. ती बैठक नसती तर हे लेखन तरी झाले असते काय? गडकऱ्यांचे संवाद कानाला गोड लागतात, कारण ते आधी कानांवर घासून पाहिलेले आहेत. श्रोता कोठे हसतो, कोठे गप्प होतो, कोठे त्याचा श्वास अडतो, हे त्यांनी मंडळीच्या बिऱ्हाडात रोज पाहिले होते. एकान्तप्रिय लेखकाला हे शिक्षण मिळत नाही.

या दृष्टीने 'एकच प्याला' पुन्हा वाचण्यासारखे आहे. दारूने झालेल्या संसाराच्या नाशाचे नाटक म्हणून ते आपण ओळखतो. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळासाठी रद्द होते, आणि त्या जळत्या घटकेस त्याच्या हाती पहिला प्याला देतो तो तळीराम. हा तळीराम कोण? दुष्ट? कारस्थानी? तसे काहीच नाही. तो नाटकातील सर्वांत गमतीदार माणूस आहे. त्याच्या तोंडी सर्वांत चुरचुरीत वाक्ये आहेत, त्याच्या आर्यमदिरामंडळात सर्वांत जास्त हशा आहे. प्रेक्षक त्याची वाट पाहतात. सुधाकरही त्याच्याकडे ओढला जातो तो केवळ मद्यासाठी नव्हे; दुःखी माणसाला हसविणारा सोबती हवा असतो म्हणून. शहाणा, प्रेमळ, उपदेशक रामलाल सुधाकरला वाचवू शकत नाही, कारण त्याच्याजवळ बसून वेळ मजेत जात नाही. सिंधूचे अश्रूही त्याला परतवीत नाहीत. गडकऱ्यांनी आपल्याच जातीच्या माणसाला, लोकांना रमविणाऱ्या माणसाला, येथे नाशाचा दूत केला आहे, आणि त्याची मोहकता तिळभरही कमी केलेली नाही. प्रेक्षागृहात बसलेले आपण हसतो आणि हसता हसता सुधाकराच्याच बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसतो. हे नाटक मद्यपाननिषेधाचे प्रचारनाटक असते तर केव्हाच विसरले गेले असते. हसण्याची ताकद आणि हसण्याचा धोका दोन्ही आतून ओळखणाऱ्या माणसाने ते लिहिले आहे.

नाटक लिहून झाले, पण पदे रचण्याइतकी शक्ती उरली नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. क्षय बळावला होता. बोलणे हाच ज्याचा प्राण, त्याच्या छातीतच रोगाने घर करावे, यापरता दैवदुर्विलास कोणता? अखेरीस वडील बंधू विनायकराव यांच्याकडे सावनेरला त्यांना आणण्यात आले. पुण्यामुंबईचा गजबजाट, मंडळ्यांचे निरोप, मित्रांचा गराडा हे सारे दूर राहिले. सातपुड्याच्या पायथ्याच्या या लहानशा गावात थंडीचे दिवस, घरातील चार माणसे आणि हाती अपुरे 'भावबंधन'. येथे बैठक नव्हती, दाद देणारे नव्हते. धुंडिराज आणि कामण्णा ही मराठी रंगभूमीवरची दोन अत्यंत हास्यकारक पात्रे ज्या नाटकात आहेत, त्याचा अखेरचा प्रवेश त्यांनी या रुग्णशय्येवर, मृत्यूच्या काही तास आधी पुरा केला असे सांगतात. आयुष्यभर ज्याने अपुरे ठेविले त्याने शेवटचे मात्र पुरे केले.

त्यानंतरची कथा सर्वश्रुत आहे. 'वाग्वैजयंती' हा कवितासंग्रह १९२१ मध्ये निघाला. 'संपूर्ण बाळकराम' १९२५ मध्ये आले. आचार्य अत्र्यांसारख्या भक्ताने त्यांचे नाव पुढच्या पिढ्यांच्या कानी घातले. ठाण्याच्या नाट्यगृहास १९७८ मध्ये गडकरी रंगायतन हे नाव मिळाले. पुण्याच्या संभाजी उद्यानात त्यांचा अर्धपुतळा होता. 'राजसंन्यास'मधील संभाजीच्या चित्रणाचा राग धरून जानेवारी २०१७ मध्ये काहींनी तो उखडून मुठेच्या पात्रात टाकला. त्या चित्रणाविषयी मतभेद असू शकतो, आणि इतिहासाच्या संशोधनानंतर तो रास्तही आहे. पण अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचा वाद पुतळ्याशी घालण्यापेक्षा ते नाटक वाचून घालावा, एवढे तरी एका ग्रंथालयाच्या ग्रंथात म्हणावयास हरकत नसावी.

गडकऱ्यांना 'एकच प्याला' रंगभूमीवर पाहावयास मिळाले नाही. त्यांच्या निधनानंतर अठ्ठावीस दिवसांनी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत होते, गणपतराव बोडस सुधाकराच्या. रेशमी शालू नेसून येणारे बालगंधर्व पुढे त्याच नाटकात ठिगळांच्या लुगड्यात उभे राहिले आणि प्रेक्षक रडले. तळीराम आला की तेच प्रेक्षक हसत.