लाटेने नेलेले चित्र

नोव्हेंबर १८८५. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील एत्रता गावी, समुद्रात उतरलेल्या कड्याच्या पायथ्याशी क्लोद मोने चित्र रंगवीत होता. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहण्यात त्याची चूक झाली होती. ओहोटी समजून तो निर्धास्त राहिला, आणि आली ती भरती. एका लाटेने त्याला कड्यावर आपटले व साहित्यासह खेचून नेले. कसाबसा तो बाहेर आला तेव्हा रंगांनी दाढी निळी-पिवळी झाली होती. जीव वाचला, चित्र मात्र समुद्राने नेले.

उघड्यावर जाऊन निसर्ग रंगविण्याचे वेड त्याला यूजेन बूदँ या चित्रकाराने लावले. ल आव्र शहरात व्यंगचित्रे काढून विकणाऱ्या या मुलाला त्याने चित्रफलकासह मोकळ्या हवेत नेले. धातूच्या नळ्यांत भरलेले तैलरंग तोवर मिळू लागले होते, म्हणून हे शक्य झाले. पुढे १८७४ च्या प्रदर्शनात मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्राची एका समीक्षकाने टिंगल केली आणि त्या टिंगलीतूनच संपूर्ण संप्रदायाला नाव मिळाले.

निसर्गाच्या लहरी तो हसतमुखाने स्वीकारीत असे, असे मात्र मुळीच नव्हे. १८८९ मध्ये क्रूझ नदीच्या खोऱ्यात त्याने एका पर्णहीन ओक वृक्षाचे चित्र आरंभले. पावसाने काम लांबले, वसंत आला, झाडाला पालवी फुटली. मोनेने जमीनमालकाला पैसे देऊन, माणसे लावून ती पाने काढून टाकविली! निसर्गभक्ताचे हे कृत्य वाचून हसू येते. पण सुरू केलेले चित्र हातचे जाणे त्याला किती जिव्हारी लागे, हेही त्यातून कळते.

त्याआधीचा एक प्रसंग याहून वेगळा आहे. सप्टेंबर १८७९ मध्ये त्याची पत्नी कामीय वारली. घरी दोन लहान मुले होती, डोक्यावर कर्ज होते. त्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने सेन नदी गोठली आणि जानेवारी १८८० मध्ये बर्फ अकस्मात फुटून प्रवाहाबरोबर वाहू लागले. वेतय गावात राहणारा मोने नदीकाठी गेला आणि ते फुटलेले, वाहणारे बर्फ पुन्हा पुन्हा रंगवीत राहिला.

प्रकाशाशी मात्र झाडासारखा सौदा करता येत नव्हता. १८९०-९१ मध्ये जिव्हर्नीच्या शेतातील गंजी रंगविताना त्याने वेगळा मार्ग धरला. ऊन बदलले की हातातील कॅनव्हास बाजूला ठेवायचा आणि त्या प्रकाशाचा दुसरा घ्यायचा. मे १८९१ मध्ये अशा पंधरा गंजी पॅरिसमध्ये एकत्र मांडल्या गेल्या. अर्थात सारे काही उघड्यावरच पूर्ण होई, ही दंतकथाच. लंडनच्या धुक्याची त्याची चित्रे १९०४ मध्ये प्रदर्शित होण्यापूर्वी कित्येक महिने घरच्या चित्रशाळेत घडत होती.

५ डिसेंबर १९२६ रोजी जिव्हर्नीत तो वारला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे एक लहानसे चित्र आहे : १८७० चा उन्हाळा, त्रूव्हिलचा किनारा, छत्री घेतलेली नवविवाहित कामीय. त्या दिवशी वाऱ्याने उडालेले वाळूचे कण ओल्या रंगात रुतले. ते अजून तेथेच आहेत.