रावबहादुर मुधोळकर आणि दुभंगलेलें घर

भागीदार परस्परांच्या वह्यांवर संशय घेऊं लागले म्हणजे भांडवल शाबूत असूनहि पेढीची पत उतरते, हें अमरावती-अकोल्याच्या व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. राजकीय पक्षांचें तसेंच आहे. यासाठींच रावबहादुर रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचें चरित्र वऱ्हाडानें आठवावें असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म १८५७ सालीं धुळ्यास झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते अमरावतीस वकिली करूं लागले. वऱ्हाड तेव्हां नांवानें निजामाचें व कारभारानें इंग्रजांचें. रयतेचें गाऱ्हाणें ऐकणारें कायदेमंडळ नव्हतें. तें गाऱ्हाणें मुधोळकरांनीं सार्वजनिक सभेच्या द्वारें मांडलें. १८८८ पासून ते राष्ट्रीय सभेंत वावरूं लागले आणि १८९० सालीं तिच्या शिष्टमंडळांतून विलायतेसहि जाऊन आले. नुसत्या अर्जांनीं देश सधन होत नाहीं हें जाणून त्यांनीं औद्योगिक परिषदेच्या चिटणीसपणाचें नीरस काम वर्षानुवर्षें केलें.

१८९७ सालीं राष्ट्रीय सभा अमरावतीस भरली, तेव्हां गांवचेच दुसरे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. दहा वर्षांनीं सुरतेस सभा फुटली; खापर्डे टिळकांकडे राहिले व मुधोळकर मेहता-गोखल्यांकडे. १९०८ सालीं नेमस्तांनीं नवी घटना करून जहालांस दार बंद केलें. घर ताब्यांत राहिलें, पण त्यांतील वर्दळ ओसरली.

अशा ओसरलेल्या सभेचें अध्यक्षपद १९१२ च्या डिसेंबरांत बांकीपूर येथें मुधोळकरांकडे आलें. सभेचे जनक ह्यूम त्याच वर्षीं वारले होते. अधिवेशनापूर्वीं तीनच दिवस दिल्लींत व्हाइसरॉय हार्डिंज यांजवर बाँब पडला होता. त्या अत्याचाराचा निषेध करावयाचा, पण त्या भयानें लोकांच्या मागण्या सोडावयाच्या नाहींत, असा तो प्रसंग होता. सभेनें दोन्ही गोष्टी केल्या, आणि दक्षिण आफ्रिकेंतून नुकतेच परतलेले गोखले यांनीं तेथील हिंदी लोकांची बाजू मांडली. खचलेल्या पक्षास धीर आला तो असा, काम चालू ठेवल्यानें.

परंतु स्तुतीच्या भरांत दोष झांकणें आम्हांस उचित वाटत नाहीं. धीर आला, ऐक्य आलें नाहीं. कारण बंद दार बांकीपुरासहि उघडलें नाहीं. १९१४ सालीं टिळक सुटले, १९१५ सालीं मुंबईस घटना सैल झाली, आणि १९१६ सालीं लखनौस दोन्ही पक्ष एका मंडपांत बसले. पुढें मुधोळकर उदारमतवाद्यांबरोबर सभेबाहेर पडले व १९२१ च्या जानेवारींत वारले. ही फाटाफूट त्यांच्याबरोबर संपली नाहीं. १९२६ सालीं आमच्या अकोल्यासच प्रतियोगी सहकारितेचा पक्ष स्थापन होऊन वेगळी चूल मांडली गेली.

सावध मताच्या माणसांस आम्ही एवढेंच विचारतों: मतभेदास भिऊन दार लावणारा पक्ष किती दिवस पक्ष राहतो? मुधोळकरांची चिकाटी घ्यावी, १९०८ ची कडी मात्र काढून टाकावी. ज्यांच्याशीं वाद आहे त्यांस बैठकींत जागा देणें यांतच पक्षाची पत आहे. तीस बाहेरून कर्ज मिळत नाहीं.