चाकात हवा भरणारा पशुवैद्य

उसाच्या हंगामात आमच्या गावातून कारखान्याकडे बैलगाड्यांची रांग लागते. पूर्वी लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. टायरगाडी आल्यापासून बैलांचे कष्ट कमी झाले आणि गाडीवानाची हाडेही वाचली, असे आजोबा सांगत. हे हवेचे टायर प्रचारात कोणी आणले याचा शोध घेताना मला जॉन बॉयड डनलॉप भेटला, आणि तो निघाला चक्क गुराढोरांचा डॉक्टर!

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न येथे झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन तो १८६७ साली आयर्लंडला गेला. पुढे बेलफास्टमध्ये त्याचा दवाखाना चांगला चालू लागला. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल भरीव रबराच्या चाकांमुळे दगडी रस्त्यावर फार हादरे देई. १८८७ साली डनलॉपने पातळ रबराची नळी केली, तीत हवा भरली व ती लाकडी चकतीवर बसवली. मग जुने आणि नवे चाक अंगणात घरंगळत सोडले. जुने मध्येच कलंडले. नवे थेट फाटकाच्या खांबावर जाऊन आदळले.

सारे मर्म येथेच आहे. भरीव चाक प्रत्येक खड्याला उचलले जाते आणि त्या धक्क्यांत जोर वाया जातो. हवेचे चाक खडा पोटात घेते. बसणाऱ्याचे सुख आणि ओढणाऱ्याची बचत अशी एकाच हवेतून मिळाली.

७ डिसेंबर १८८८ रोजी त्याला पेटंट मिळाले. १८८९ च्या मे महिन्यात विली ह्यूमने हेच टायर लावून बेलफास्टच्या सायकल शर्यती जिंकल्या. पण रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच अशा टायरचे पेटंट घेतले होते, हे उघडकीस आले आणि डनलॉपचे पेटंट रद्द ठरले. १८९५ साली त्याने कंपनी सोडली. दुसऱ्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली! २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्याचे निधन झाले.

आमच्या काकांनी मध्यंतरी हौसेने मोटारीला रुंद, बुटके टायर बसवले. खड्डे जास्त जाणवू लागले आणि पेट्रोलही जास्त लागू लागले. मूळ मापाचे टायर लावून नेमकी हवा भरल्यावर दोन्ही तक्रारी मिटल्या. हवा कमी असली तर टायर जास्त दबतो, तापतो आणि इंधन खातो. जास्त झाली तर गाडी उडते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च मांडला तर डनलॉपच्या नावे नफा थोडाच दिसेल. पण बैलांचे वाचलेले कष्ट कोणत्या खात्यावर जमा धरायचे, हे मात्र आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला अजून सापडलेले नाही.