बाळू पालवणकर : वगळला गेलेला बिनीचा गोलंदाज

हुबळीचा कोप्पीकर रोड गोमंतकीयांना ठाऊक आहे तो बाजारपेठ म्हणून. या जोडशहराचे दुसरे अंग असलेले धारवाड सुमारे वीस किलोमीटरवर आहे. धारवाड म्हटले की संगीत आणि साहित्य आठवते. मात्र भारताचे पहिले थोर फिरकी गोलंदाज मानले जाणारे बाळू पालवणकर यांचा जन्मही १८७६ च्या सुमारास धारवाडातच झाला, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. उतारवयातील नामवंत खेळाडूला संघात ठेवावे की सोडावे, हा वाद आज प्रत्येक लिलावापूर्वी रंगतो. शंभर वर्षांपूर्वी तो बाळूंच्या बाबतीत उभा राहिला, तेव्हा त्याच्या मुळाशी केवळ वय नव्हते.

पालवणकर कुटुंब चर्मकार समाजातील. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित असल्याने मुले पुण्यात वाढली आणि अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकली. बाळूंची पहिली चाकरी पारशांच्या एका क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रूळ फिरवायचा आणि महिन्याला ३ रुपये घ्यायचे. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार ४ रुपये झाला. तेथे सरावासाठी गोऱ्या साहेबांना ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. डावखुरी फिरकी, अचूक टप्पा आणि चेंडूला दिलेली उंची ही त्यांची हत्यारे त्या सरावातच पारजली गेली. ग्रेग हे नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल त्यांना दर वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. फलंदाजीची संधी मात्र त्यांना त्या क्लबात कधी मिळाली नाही.

पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी हा गोलंदाज हवा होता. बराच वाद होऊन त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हाती घेत, पण चहापानाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता. पुढे त्यांच्या गोलंदाजीने विजय मिळू लागले, तशी ही बंधने सैल होत गेली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघाचे ते प्रमुख गोलंदाज होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या भारतीय संघाची इंग्लंडमध्ये दुर्दशा झाली. २३ पैकी १५ सामने गमावले आणि केवळ ६ जिंकले. त्या पडत्या संघात पस्तिशीतील बाळूंनी ११४ बळी घेतले. लेस्टरशायरवरील विजयात त्यांचेच ११ बळी होते.

एवढ्या कर्तबगारीनंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली आणि डावलली जात राहिली. कर्णधारपद मिळालेल्या एम. डी. पै यांनी १९१३ मधील एका सत्कारात, हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंकडे जावयास हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले होते.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत प्रश्न टोकाला गेला. पै आजारी असल्याने मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले आणि बाळूंना वगळण्यात आले. त्यांचे वय तेव्हा चव्वेचाळीसच्या घरात होते. त्या वयाच्या गोलंदाजाला विश्रांती देण्यात क्रिकेटच्या दृष्टीने गैर काही नव्हते, असा युक्तिवाद करता आला असता. तथापि तो करण्याचा नैतिक अधिकार निवड समितीने आधीच गमावला होता. भर बहरात जन्मामुळे ज्याला नेतृत्व नाकारले, त्याला उतारवयात वयामुळे वगळले, यावर कोण विश्वास ठेवणार?

विठ्ठल आणि शिवराम हे बाळूंचे धाकटे भाऊ तेव्हा संघाचे आधारस्तंभ होते. दोघांनी सामन्यातून अंग काढून घेतले आणि वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन देऊन हा अन्याय जातीमुळे होत असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात नागपूर काँग्रेसने अस्पृश्यतेचा कलंक दूर करण्याचा पुकारा केला होता. लोकमत पालवणकर बंधूंच्या बाजूने उभे राहिले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात बरे झालेले पै कर्णधार, बाळू उपकर्णधार आणि दोन्ही भाऊ पुन्हा संघात, अशी तडजोड झाली. सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि हिंदू संघाची सूत्रे प्रथमच बाळूंच्या हाती आली. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते धाकट्याने मिळवले.

वयाच्या युक्तिवादाला पुढील इतिहासाने परस्पर उत्तर दिले. ज्यांना १९२० मध्ये कर्णधार नेमले होते, त्याच देवधरांनी १९४० मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला. त्यांचे वय कोणी आड आणले नाही, आणि ते योग्यच झाले.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, ही त्यांची नोंद आहे. जुन्या खेळाडूला कधी ना कधी बाजूला व्हावे लागते, यात दुमत नाही. परंतु त्याच्या उमेदीच्या काळात ज्या संघाने त्याला पुरता न्याय दिला असेल, त्यालाच तो निर्णय निःशंक मनाने घेता येतो. हिंदू जिमखान्याला १९२० मध्ये तो घेता आला नाही, त्याचे कारण बाळूंच्या वयात नव्हते.