साताऱ्यातील ‘देवाचा दरबार’

छत्रपतींची राजधानी म्हणून सातारा सर्वांना ठाऊक आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात १९१७ मध्ये आणखी एक दरबार भरला. त्याला सिंहासन नव्हते, खजिना नव्हता आणि मानकरीही नव्हते. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही तेथे जागा होती. या दरबाराचे नाव होते ‘देवाचा दरबार’ आणि तो भरवणारे होते कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. परंतु ख्रिस्ती धर्मातील त्याग आणि तारण या दोन कल्पनांचा अर्थ एका मराठी माणसाने आयुष्यभर कसा शोधला, हे पाहायचे असेल तर त्यांच्या साताऱ्यातील अखेरच्या पर्वाकडे वळावे लागते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. कवितेची गोडी मात्र नारायणाला लागली ती आई जानकीबाईंमुळे. आईचे छत्र लवकर हरपले आणि घराशी असलेले त्याचे नाते सैल झाले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. कीर्तन, वक्तृत्व, शीघ्रकाव्य या सर्वांत ते रमले; मात्र एका गावी आणि एका नोकरीत ते फार काळ टिकत नसत. नागपूरला असताना त्यांनी ‘ऋषी’ या मासिकाचे संपादन केले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते आगगाडीच्या प्रवासात. राजनांदगावच्या वाटेवर भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावले. पुढे दोन वर्षे मनात द्वंद्व चालले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात, आप्त आणि विद्वान ब्राह्मण म्हणून मिळणारा मान हे सारे त्या एका दिवसात मागे पडले. हा त्यांचा पहिला त्याग.

पण त्यागाची किंमत केवळ त्याग करणाराच मोजतो असे नाही. पत्नी लक्ष्मीबाईंना विचारून हा निर्णय झाला नव्हता. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी जवळपास पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने नाशिक, पंढरपूर येथे काढली. नवरा जिवंत असून दुरावलेला आणि समाजाच्या नजरा सतत रोखलेल्या, अशी त्यांची अवस्था होती. पुढे त्या टिळकांकडे नगर भागात राहायला आल्या, त्याही आपला सोवळे-ओवळे, आपले वेगळे पाणी सांभाळूनच. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हाच त्यांनी तो सोडला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळातील अनाथ मुलांना या दांपत्याने आपल्या घरात सामावून घेतले.

मराठीत ‘तारण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कर्ज काढताना सावकाराकडे ठेवायची वस्तू म्हणजे तारण आणि पापातून होणारी सुटका म्हणजेही तारण. येशूने पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण खंडणी म्हणून दिला, असे मराठी बायबल सांगते. खंडणी हा शब्दही देण्याघेण्याचाच. अशा भाषेमुळे क्रुसावरचे बलिदान म्हणजे कोणीतरी आपले कर्ज फेडून टाकले, आता आपण मोकळे, असा सोयीस्कर अर्थ सहज काढता येतो.

टिळकांना एवढ्यावर समाधान नव्हते. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेले त्यांचे मन ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून पाहत होते. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या वाटेने, असे ते मोकळेपणाने मान्य करीत. आजारी लेकरासाठी रात्र जागवणारी आई जागरणाचा हिशेब ठेवत नाही आणि लेकराने ते ऋण फेडावे अशी तिची अपेक्षाही नसते. ख्रिस्ताचे बलिदान हे असे मायेचे देणे आहे, ही जाणीव त्यांच्या भजनांतून जागोजाग उमटते. मात्र ज्याला हे देणे मिळाले त्याला स्वतःसाठी काही राखून ठेवणे अवघड होऊन बसते. त्यागातून तारण विकत मिळत नाही. तारण मिळालेला माणूस आपोआप त्यागाकडे ओढला जातो. टिळकांच्या श्रद्धेचे सार ते हेच.

१९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मानाचे स्थान, नियमित वेतन, स्थिर संसार हे सर्व लाभले होते. नेमक्या अशा वेळी, १९१७ मध्ये, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्त या देशात यायचा तो या देशाच्या वेषात आणि वाणीत, परक्या साहेबाच्या आश्रयाने नव्हे, ही त्यांची धारणा होती. पहिल्या त्यागात त्यांनी जन्माचा समाज सोडला, तर दुसऱ्या त्यागात नव्या समाजाने दिलेली सुरक्षितता.

याच कृष्णाकाठी, साताऱ्याच्या दक्षिणेस, ख्रिस्ती त्यागाचे आणखी एक रूप तेव्हा आकार घेत होते. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीत आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. आयुष्याची जवळपास चाळीस वर्षे त्यांनी या भागातील रुग्णांसाठी वेचली. वानलेसवाडी हे नाव आजही त्यांची आठवण देते. एकाने शस्त्रक्रियेची सुरी हाती घेतली, दुसऱ्याने टाळ आणि लेखणी. मार्ग वेगळे असले तरी स्वतःला देऊन टाकण्याची ओढ एकच होती.

साताऱ्यातील दरबार टिळकांना दोन वर्षेही लाभला नाही. आजारपणामुळे त्यांना मुंबईस नेण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नेण्यात आल्या. त्यांच्या पश्चात दरबार पूर्वीच्या जोमाने चालू शकला नाही. १९०९ मध्ये हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे काव्यमय चरित्रही अवघ्या अकरा अध्यायांच्या आसपास थांबले होते.

ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईने त्यात ६४ अध्यायांची भर घातली आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी आत्मचरित्राचा मानदंड निर्माण केला. त्यात त्यांनी पतीच्या लहरींवर हसून बोट ठेवले, स्वतःचे दुःख लपवले नाही आणि कटुताही ठेवली नाही. टिळकांच्या त्यागाचा भार ज्यांनी न विचारता उचलला, त्यांनीच अखेर त्यांचे अपुरे काम आपखुशीने आपलेसे केले. म्हणूनच तारणाचा अर्थ टिळकांच्या भजनांत जितका सापडतो, तितकाच लक्ष्मीबाईंच्या या ६४ अध्यायांतही सापडतो.