भावंडांच्या अडखळत्या पावलांचा शोध घेणारा वैद्य : निकोलाउस फ्रीड्राइख

जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे १ जुलै १८२५ रोजी जन्मलेल्या निकोलाउस फ्रीड्राइख यांच्या घरात वैद्यक पिढीजात होते. त्यांच्या आजोबांनी १७९७ मध्येच चेहऱ्याच्या अर्धांगवायूचे वर्णन केले होते. मात्र तो विकार पुढे स्कॉटलंडच्या चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. नातवाच्या बाबतीत नियतीने अधिक न्याय केला, असे म्हणावे लागेल.

व्युर्त्सबुर्ग येथे रुडोल्फ फिर्खो यांच्या प्रभावाखाली त्यांची जडणघडण झाली. रुग्णाची तपासणी आणि मृत्यूनंतरचे शवविच्छेदन यांची सांगड घालण्याची शिस्त त्यांनी तेथे आत्मसात केली. १८५८ मध्ये ते हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

तेथेच त्यांच्याकडे काही असामान्य रुग्ण आले. वयात येण्याच्या सुमारास त्यांचा तोल जाऊ लागे, मग हातांच्या हालचाली बेताल होत आणि वाणी अडखळे. विशेष म्हणजे हे रुग्ण सख्खी भावंडे होती. त्या काळी वैद्यांना परिचित असलेला, तोल घालवणारा मज्जारज्जूचा विकार सहसा प्रौढपणी होई. त्याचे मूळ उपदंशात असल्याचे नंतर स्पष्ट झाले. हा आजार त्याहून वेगळा असल्याचे फ्रीड्राइख यांनी १८६३ मध्ये मांडले. शवविच्छेदनात मज्जारज्जूच्या मागील स्तंभांचा ऱ्हास त्यांना आढळला होता.

समकालीनांना हे सहजासहजी पटले नाही. पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनाही प्रारंभी शंका होती. दरम्यान, १८७५ मध्ये गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेचे महत्त्व प्रकाशात आले. ते दाखवून देणाऱ्या दोघांपैकी विल्हेल्म एर्ब हे फ्रीड्राइख यांचेच शिष्य. गुरूने ती कसोटी आपल्या रुग्णांना लावली, तेव्हा ही क्रिया लुप्त झालेली दिसली. १८७६-७७ मध्ये त्यांनी पुन्हा लेखन केले आणि या वेळी आनुवंशिकतेवर विशेष भर दिला. मेंडेल यांचा प्रबंध १८६६ मध्येच छापला गेला होता, परंतु त्याकडे जगाचे लक्ष १९०० मध्ये गेले. धडधाकट आईवडिलांची अनेक मुले आजारी का पडतात, याचे उत्तर देणारे साधन त्यामुळे फ्रीड्राइख यांच्या हाती नव्हते.

६ जुलै १८८२ रोजी, सत्तावन्नावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले असताना, महारोहिणीचा फुगवटा फुटून त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फ्रान्समधील ब्रूस यांनी या आजाराला त्यांचे नाव दिले.

त्यामागील जनुकाचा ठावठिकाणा १९८८ मध्ये नवव्या गुणसूत्रावर लागला आणि प्रत्यक्ष दोष १९९६ मध्ये सापडला. या जनुकात जीएए हा तीन अक्षरांचा क्रम निरोगी व्यक्तीत साधारणतः तीसपेक्षा कमी वेळा येतो. रुग्णांत तो शेकडो वेळा आढळतो. परिणामी पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांना आवश्यक असलेले फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन अपुरे पडते. मज्जातंतूंबरोबरच हृदयाचे स्नायूही त्यामुळे दुबळे होतात. आई व वडील दोघेही दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका २५ टक्के असतो. भारतातही असे रुग्ण आढळतात.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमॅव्हेलॉक्सोलोन या औषधाला सोळा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. या आजारासाठी तेथे मान्य झालेले ते पहिले औषध. त्याने आजार बरा होत नाही; त्याची गती मंदावते, इतकेच.